ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवण्याआधी: ट्रकच्या गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टरमधील दोष शोधण्याचा क्रम

ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की त्याची तपासणी बहुतेक ठिकाणी अजूनही मॅन्युअल गिअरबॉक्सच्या सवयीने होते. गाडी भार घेऊन उचलत नाही असे चालकाने सांगितले की ‘कन्व्हर्टर गेला’ (म्हणजे इंजिनची शक्ती ऑईलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर) असे ठरते, गिअरबॉक्स खाली उतरतो, सील आणि प्लेटा बदलल्या जातात, आणि सगळे पुन्हा बसवल्यावर तक्रार जशीच्या तशी राहते. कारण मूळ दोष ऑईलच्या पातळीत, चॅसीला घासून उघड्या पडलेल्या वायरीत किंवा टर्बोच्या फुटलेल्या होजमध्ये असतो. दोष शोधण्यात कौशल्यापेक्षा क्रम जास्त चुकतो. म्हणून या लेखात फक्त क्रम आणि त्या क्रमामागची कारणे दिली आहेत. उदाहरणासाठी जड टिपर आणि अग्निशमन गाड्यांमध्ये वापरला जाणारा सहा गिअरांचा एलिसन ३००० मालिकेचा गिअरबॉक्स घेतला आहे. दुसऱ्या बनावटीच्या गिअरबॉक्सलाही हाच क्रम लागू पडतो, मात्र आकडे आणि क्लचची मांडणी त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेतून घ्यावी.

आधी हे ठरवा: गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का?

क्लचचे पेडल नाही म्हणून गाडीत टॉर्क कन्व्हर्टर असेलच असे नाही. आपल्याकडच्या अनेक ट्रकांत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असते. तिच्यात नेहमीचाच कोरडा क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते. व्होल्वोची आय-शिफ्ट ही याच जातीची आहे. अशा गाडीत स्टॉल चाचणी (ब्रेक दाबून गाडी जागीच धरत पूर्ण थ्रॉटल देणे) करणे म्हणजे चांगला क्लच हाताने जाळणे होय. बेल हाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील घंटेसारख्या आवरणाजवळ) क्लच ॲक्चुएटर आणि त्याची हवेची नळी दिसली, तर हा लेख त्या गाडीसाठी नाही. गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या दोन जाड ऑईल लाइन आणि बाजूला गिअरबॉक्स ऑईलची डिपस्टिक किंवा ऑईल भरण्याची नळी दिसली, तर कन्व्हर्टर आहे असे समजून पुढे जावे. तरीही गिअरबॉक्सवरील पाटीचा क्रमांक वाचून खात्री करून घेतलेली बरी.

तयारी

सपाट आणि पक्की जागा, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, मल्टिमीटर, गिअरबॉक्सशी बोलू शकणारा स्कॅनर, शून्यापासून पुरेसा वर जाणारा प्रेशर गेज आणि गाडीच्या मॉडेलची सेवा पुस्तिका, एवढे हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वहीकडे. प्रत्येक वाचन त्या वेळच्या ऑईलच्या तापमानासह लिहून ठेवावे, कारण थंड गिअरबॉक्सचे आणि तापलेल्या गिअरबॉक्सचे वागणे ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

इशारा: तपासणी सुरू होण्याआधी ऑईल बदलू नये, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात) साठलेले बिघाडाचे कोड पुसू नयेत आणि बॅटरी काढू नये. या तीन गोष्टींनी पुरावाच नाहीसा होतो.

टप्पा १: तक्रार नेमकी करून घेणे

‘गिअर पकडत नाही’ या एका वाक्याचे किमान चार अर्थ होतात: गिअर टाकल्यावर गाडी हलतच नाही, उशिरा हलते, हलते, पण इंजिन ओरडते आणि वेग येत नाही, किंवा ठरावीक गिअर बदलतानाच झटका बसतो. त्यामुळे चालकाला पुढचे प्रश्न एकेक करून विचारावेत.

१. त्रास गाडी थंड असताना होतो, गरम झाल्यावर होतो, की दोन्ही वेळी?
२. रिकाम्या गाडीतही होतो का, की फक्त भरलेल्या गाडीत आणि चढावर?
३. रिव्हर्समध्ये गाडी नीट चालते का?
४. त्रास सुरू होण्याआधी गाडीवर कोणते काम झाले होते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आग्रह धरल्याशिवाय मिळत नाही. टिपरच्या हौद्याला वेल्डिंग झाले असेल, चॅसी प्रेशरच्या पाण्याने धुतली असेल, रेडिएटर दुरुस्त करून आणला असेल किंवा बंद पडलेली गाडी ओढून आणली असेल, तर निम्मी दिशा तिथेच सापडते. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीच्या तारा आणि कंट्रोलरचे कनेक्टर काढलेले नसतील, तर इलेक्ट्रॉनिक भागाला इजा झाल्याचा संशय आधी घ्यावा.

टप्पा २: ऑईल, पातळी आणि अवस्था

या टप्प्यावर घाई करणाऱ्याला पुढचे सगळे टप्पे फसवतात, म्हणून येथे सविस्तर थांबू.

ऑईल कमी असेल तर पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि क्लच सुटू लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. ऑईल जास्त असेल तरी तेच होते, हे मात्र फार थोड्यांना पटते. पातळी वर गेली की फिरणारे भाग ऑईलमध्ये बुडून ते घुसळतात, फेस होतो, फेसाळलेले ऑईल दाब धरत नाही आणि गिअरबॉक्स तापतो. तक्रार आली की ‘लिटरभर टाकून बघू’ ही सवय म्हणूनच घातक आहे.

१. गाडी सपाट जागेवर उभी करावी, पार्किंग ब्रेक लावावा, न्यूट्रल ठेवावा आणि इंजिन आयडलवर चालू ठेवावे. इंजिन बंद करून घेतलेले वाचन धरू नये, कारण तेव्हा कन्व्हर्टर आणि कूलरकडचे काही ऑईल खाली उतरून पातळी खोटी वाढवते.
२. थंड ऑईलवर पाहिलेली पातळी फक्त ‘इंजिन चालू ठेवण्याइतके ऑईल आहे’ एवढेच सांगते. डिपस्टिकवरच्या गरम पट्ट्याचे वाचन ऑईल साधारण ७१ ते ९३ अंश सेल्सियसला असतानाच घ्यावे.
३. गाडीत ऑईल लेव्हल सेन्सर असेल तर गिअर निवडण्याच्या कीपॅडवरील वरचा आणि खालचा बाण एकाच वेळी दाबावा. गाडी थांबल्यावर ऑईल स्थिरावायला सुमारे दोन मिनिटे लागतात, तोपर्यंत पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात. ते पाहून ‘बिघाड दाखवतोय’ असे समजू नये.
४. दोनदा वाचन घ्यावे. दोन्ही जुळली नाहीत तर आणखी थांबून तिसरे घ्यावे.

आता अवस्था. ऑईल पांढऱ्या कपड्यावर टिपून उजेडात पाहावे. नुसता गडद रंग म्हणजे बिघाड नव्हे. जळका वास आणि बारीक काळी भुकटी असेल तर क्लचची फेसिंग (प्लेटांवरचा घर्षणाचा थर) जळत आहे. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर पाणी किंवा कूलंट मिसळले आहे, आणि हा बहुधा रेडिएटरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या कूलरच्या आतल्या गळतीचा परिणाम असतो. ग्लायकॉल फेसिंगचा गोंद सोडवतो. त्यामुळे ऑईल बदलून आणि ‘फ्लश’ मारून हा गिअरबॉक्स वाचत नाही. मालकाला ते पहिल्याच दिवशी सांगावे, नंतर सांगण्यात भांडण ठरलेले आहे.

लाल दिसणारे प्रत्येक ऑईल चालत नाही. या गिअरबॉक्सला टीईएस २९५ किंवा त्यानंतर आलेल्या टीईएस ६६८ या मानकाचे ऑईल भरण्याची शिफारस आहे. आधी कोणते भरले होते हे कोणालाच सांगता येत नसेल, तर तसे वहीत नोंदवावे.

तपासा: पातळी बरोबर केल्यावर तक्रार गेली का? गेली असेल तर ऑईल कुठून गेले किंवा जास्त कोणी भरले, एवढाच प्रश्न उरतो. तो सोडवल्याशिवाय गाडी देऊ नये.

टप्पा ३: कोड वाचणे, आणि त्यांचा योग्य अर्थ लावणे

कीपॅडवरूनही कोड वाचता येतात, पण स्कॅनरने वाचावेत, म्हणजे चालू कोड आणि जुने साठलेले कोड वेगळे दिसतात. सगळे कोड लिहून घेतल्यावरच पुढचा विचार करावा.

मुख्य चूक अशी की यादीतला सर्वांत भीतीदायक कोड आधी धरला जातो. समजा यादीत पी ०८८२, पी ०७२२ आणि पी ०७३३ असे तीन कोड आहेत. पहिला कंट्रोलरला मिळणारा विद्युतपुरवठा कमी असल्याचे सांगतो, दुसरा आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल येत नसल्याचे आणि तिसरा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर चुकल्याचे. ‘तिसरा गिअर गेला’ असे म्हणून गिअरबॉक्स उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. पण पुरवठा पडला तर सेन्सर गोंधळतो, आणि सेन्सरचा आकडा चुकला तर गुणोत्तर चुकलेलेच निघणार. म्हणून आधी पुरवठ्याचे कोड, मग सेन्सरचे, मग सोलेनॉइडचे (ऑईलचा मार्ग उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे) आणि शेवटी गुणोत्तराचे कोड हाताळावेत.

पी ०७१७ टर्बाइनच्या (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या चाकाच्या) स्पीड सेन्सरचा सिग्नल नसल्याचे, पी ०२१८ ऑईल जास्त तापल्याचे आणि पी ०७४१ कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि टर्बाइन थेट जोडणारा) लागत नसल्याचे सांगतो. कोड कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. कंट्रोलरला काय विपरीत दिसले, तेवढेच सांगतो.

टप्पा ४: वीज, अर्थिंग आणि वायरिंग

१. चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्र मोजाव्यात. एक चांगली आणि एक मेलेली अशी जोडी बेरजेत बरी दिसते, पण स्टार्टर मारताच कोसळते.
२. स्टार्टर फिरत असताना कंट्रोलरच्या पुरवठ्याच्या तारेवर व्होल्टेज मोजावे.
३. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीचे निगेटिव्ह आणि कंट्रोलरची अर्थिंगची तार यांमधील व्होल्टेजचा फरक पाहावा. तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला, तर अर्थिंगची जोडणी खोलून, घासून पुन्हा आवळावी.
४. हार्नेस (वायरींचा जुडगा) चॅसीच्या आडव्या पट्टीवरून, एक्झॉस्टजवळून आणि पीटीओच्या (इतर यंत्रांना शक्ती देणाऱ्या जोडणीच्या) बाजूने जाते, तिथे हाताने चाचपून पाहावे. कनेक्टर खोलून आत ओल, हिरवट गंज किंवा वाकलेली पिन आहे का ते पाहावे.
५. इंजिन आयडलवर असताना हार्नेस हळूहळू हलवावी आणि स्कॅनरवरचे आकडे कुठे उडी मारतात ते बघावे.

इशारा: वायरीचे इन्सुलेशन टोचून मोजमाप करू नये. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि पुढच्या वर्षीचा दोष आपणच पेरून ठेवतो.

टप्पा ५: इंजिन निर्दोष आहे का?

गिअरबॉक्सला दिलेली शक्तीच अपुरी असेल तर तो काय करणार? एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होज, आणि इंजिनचे स्वतःचे कोड पाहावेत. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर शंभर टक्के दिसते का, हेही पाहावे. पेडलखालची दुमडलेली चटई हे कारण निघाल्याची उदाहरणे आहेत.

टप्पा ६: रस्त्यावरची चाचणी आणि क्लचचा तक्ता

या गिअरबॉक्समध्ये पाच क्लच असतात आणि पुढच्या प्रत्येक गिअरमध्ये, तसेच रिव्हर्समध्ये, त्यांपैकी नेमके दोन लागलेले असतात:

पहिला: सी-१ आणि सी-५
दुसरा: सी-१ आणि सी-४
तिसरा: सी-१ आणि सी-३
चौथा: सी-१ आणि सी-२
पाचवा: सी-२ आणि सी-३
सहावा: सी-२ आणि सी-४
रिव्हर्स: सी-३ आणि सी-५

हा तक्ता पाठ असलेल्या माणसाला अर्धी तपासणी चालत्या गाडीतच करता येते. पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये सुटते, बाकी ठीक, तर संशय सी-५ वर. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स यांत त्रास, तर सी-३. दुसरा आणि सहावा, तर सी-४. चौथ्यापासून वर सगळीकडे, तर सी-२. पहिल्या चारही गिअरांत सुटते पण पाचवा, सहावा आणि रिव्हर्स नीट, तर सी-१. आणि सगळ्या गिअरांत, रिव्हर्समध्येसुद्धा सुटत असेल, तर एकेका क्लचमागे न लागता त्या सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहाव्यात: ऑईल, सक्शन फिल्टर, पंप, मुख्य दाब आणि कन्व्हर्टर.

‘सुटते’ हे कानाने ठरवू नये, आकड्याने ठरवावे. स्कॅनरवर टर्बाइनचे आणि आउटपुटचे दर मिनिटाचे फेरे एकाच वेळी पाहावेत. चौथ्या गिअरचे गुणोत्तर १.०० असल्याने तिथे दोन्ही आकडे सारखे हवेत. क्लोज रेशो प्रकारात तिसऱ्याचे गुणोत्तर १.४१ आहे, म्हणजे आउटपुट १००० असेल तर टर्बाइन १४१० च्या जवळ हवे. गिअर स्थिरावल्यावरही टर्बाइन १५५० दाखवत असेल तर क्लच घसरतो आहे. टर्बाइनचा आकडा बरोबर असून इंजिनचेच फेरे त्याहून फार वर असतील, तर ती घसरण कन्व्हर्टरमध्ये आहे, क्लचमध्ये नाही. क्लच आणि कन्व्हर्टर यांची फारकत याच एका तुलनेने होते.

टप्पा ७: स्टॉल चाचणी

ही चाचणी उपयोगी आहे आणि धोकादायकही. ब्रेक कमजोर असेल, समोर किंवा मागे माणसे उभी असतील, ऑईल थंड असेल किंवा पातळीची खात्री झालेली नसेल, तर ती करू नये. अनेक गाड्यांत उभ्या गाडीवर इंजिनची ताकद कंट्रोलर मर्यादित ठेवतो. म्हणून मिळालेल्या आकड्याची तुलना फक्त त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतील आकड्याशी करावी, शेजारच्या गाडीशी नव्हे.

१. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, पार्किंग ब्रेक लावावा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबावा.
२. पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरमध्ये टाकून थ्रॉटल पूर्ण द्यावा. टर्बो भरायला काही क्षण लागतात. फेरे स्थिरावताच आकडा वाचून पाय काढावा.
३. कोणत्याही परिस्थितीत तीस सेकंदांपुढे जाऊ नये आणि कन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या ऑईलचे तापमान १५० अंशांजवळ पोचण्याआधी थांबावे. त्या वेळी इंजिनची सगळी शक्ती उष्णता बनून त्या थोड्याशा ऑईलमध्ये जात असते.
४. लगेच न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर दोन मिनिटे चालवावे आणि तापमान उतरते का ते पाहावे.

आता अर्थ. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा फेरे दीडशेहून जास्त वर गेले, तर क्लच सुटत आहेत किंवा ऑईल फेसाळले आहे. दीडशेहून जास्त खाली राहिले, तर आधी इंजिनकडे परत जावे. फेरे फारच खाली असून इंजिन धूरही करत नसेल, तर कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (ऑईलचा प्रवाह वळवणाऱ्या भागाचा) एकदिशा क्लच धरत नाही असा संशय घ्यावा. अशी गाडी सुरुवातीला अजिबात उचलत नाही, पण वेग आल्यावर बरी चालते. याच्या उलट स्टेटर अडकून बसला असेल तर स्टॉलचा आकडा बरोबर येतो, गाडी सुरुवातीला नीट उचलते, वेग वाढल्यावर मात्र दमते आणि तापते. आणि चौथ्या पायरीतील दोन मिनिटांत तापमान खाली येत नाही. म्हणून चौथी पायरी चाचणीचा भाग आहे, शिष्टाचार नव्हे.

टप्पा ८: लॉकअप क्लच

लॉकअप लागल्यावर इंजिन आणि टर्बाइन एकजीव होतात, त्यामुळे स्कॅनरवर दोघांचे फेरे सारखे दिसले पाहिजेत. सपाट रस्त्यावर एकसारखा वेग धरून पाहावे. कंट्रोलरने लॉकअपचा आदेश दिला आहे आणि फेऱ्यांत फरक कायम आहे, तर आधी त्याचा सोलेनॉइड व वायरिंग, नंतर दाब, आणि शेवटी कन्व्हर्टर असा क्रम ठेवावा. लागतो पण खडबडीत रस्त्यावर गेल्यासारखी थरथर होते, तर चुकीचे किंवा जुने ऑईल आधी बदलून पाहावे. लॉकअप सुटतच नसेल तर गाडी थांबताना इंजिन बंद पडते.

तपासा: ही थरथर इंजिनच्या मिसफायरसारखीच जाणवते. स्कॅनरने लॉकअप सोडवून त्याच वेगाला पुन्हा पाहावे; थरथर राहिली तर ती कन्व्हर्टरची नाही.

टप्पा ९: दाब, कूलर आणि फिल्टर

मुख्य दाब गरम ऑईलवर, आयडलला आणि पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांना मोजावा. सगळीकडे कमी असेल तर पंप किंवा सक्शन. एखाद्या क्लचचा दाब लागताच पडत असेल तर त्या क्लचच्या मार्गातली गळती. गिअरबॉक्स फक्त तापतो, बाकी तक्रार नाही, अशा वेळी कूलरच्या बाहेर साठलेली धूळ आधी धुवावी.

फिल्टर काढून फेकू नये, कापून उघडावा. चुंबकावरची राखाडी पेस्ट नेहमीची असते. पितळी कण, ॲल्युमिनियमची चमक किंवा फेसिंगचे तुकडे निघाले, तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय येथे घ्यावा. अशा वेळी कूलर आणि त्याच्या लाइनही साफ कराव्यात किंवा बदलाव्यात, नाहीतर जुने कण नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतात.

उतरवताना आणि बसवताना

आयडलला गिअरमध्ये टाकल्यावर येणारी ठकठक कधीकधी फ्लेक्सप्लेटच्या (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ चकतीच्या) तड्याची किंवा सैल बोल्टची असते. आतल्या भागांना हात लावण्याआधी ती पाहावी. बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण शिरल्याची खोली मोजूनच खात्री करावी. बेल हाउसिंग इंजिनला टेकण्याआधी बोल्टने ओढावे लागत असेल तर ताबडतोब थांबावे. तसेच ओढले तर पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो.

बंद गाडी ओढून आणायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट किंवा ॲक्सल शाफ्ट काढावा. पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरली तर आतल्या भागांना ऑईलच मिळत नाही.

काम झाल्यावर कंट्रोलरची जुळवणी स्कॅनरने रीसेट करावी. त्यानंतर पहिल्या काही खेपांत गिअर बदलताना थोडे झटके बसतात, कारण कंट्रोलर नव्या क्लचची चाल शिकत असतो. त्यासाठी पुन्हा काही खोलू नये. गाडी भार घेऊन एकदा गरम करून आणावी, गरम ऑईलची पातळी पुन्हा बघावी, कोड पुन्हा वाचावेत, कूलरच्या जोडण्यांवरून कोरडा कपडा फिरवावा आणि चारही गोष्टी वहीत लिहून मगच चावी द्यावी.